सीजे थ्री बी जीप, मधपेट्या आणि पोषाखाची धुलाई: धुऊनही माश्या का चिडतात?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे वडिलांनी हौसेने सांभाळलेली १९७४ सालची पेट्रोलवरची सीजे थ्री बी जीप आहे आणि जावळीच्या बाजूला सातेरी (पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी) माश्यांच्या चौदा पेट्या आहेत. पेट्यांपर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर इतका खडकाळ आहे, की तिथे फोर बाय फोरखेरीज दुसरे वाहन नेण्याचा धीर होत नाही. त्यामुळे जीप माझ्यासाठी केवळ वडिलांची आठवण नसून रोजच्या कामाची सोबतीण आहे. अडचण माश्यांच्या डंखापासून बचाव करणाऱ्या पोषाखाची आहे. प्रत्येक फेरीनंतर मी तो सुवासिक पावडरीने यंत्रात धुते, वाळवते आणि पोत्यात घालून जीपमध्ये मागच्या बाजूला ठेवते. तरीही गेल्या दोन महिन्यांपासून पहिल्या पेटीचे झाकण उचलताच माश्या अंगावर येतात. शिवाय पाठीवर आणि कमरेला तपकिरी, चिकट डाग पडले असून ते धुण्याने जात नाहीत. हे राळेचे, म्हणजे माश्या झाडांवरून गोळा करतात त्या चिकाचे, डाग असावेत का? बुरख्याची जाळीही एका कडेला उसवली आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

ताई, आधी जाळीविषयी सांगतो, कारण ते सर्वांत तातडीचे आहे. बुरखा यंत्रात कधीही घालू नये. चेन उघडून तो वेगळा काढावा, टबात कोमट पाण्यात बुडवून मऊ ब्रशने हलकेच साफ करावा आणि न पिळता सावलीत टांगून ठेवावा. उसवलेली कड आजच शिवून घ्या, कारण एक माशी आत शिरली की माणूस घाबरून बुरखा काढतो आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

अंगातला पोषाख धुण्यापूर्वी उजेडात नीट तपासा. कापडात अडकून राहिलेल्या नांग्या नखाने किंवा बोथट सुरीने खरवडून काढा. माशी डंख मारते तेव्हा नांगीपाशी धोक्याचा गंध सुटतो. पिकलेल्या केळ्यासारखा तो वास आपल्यालाही जाणवतो, आणि त्याने इतर माश्या त्याच जागी धावून येतात. त्यानंतर सर्व चेन लावून, खिसे रिकामे करून, बिनवासाची पावडर थोडीच वापरून पोषाख धुवा आणि साध्या पाण्यातून एकदा जास्तीचा खळबळून काढा. सुवासिक पावडर आणि कापड मऊ करणारे द्रव पूर्ण बंद करा. माश्यांचे जग वासावर चालते, त्यामुळे आपल्याला जो वास स्वच्छतेचा वाटतो तो त्यांना परकाच असतो. पिवळे ठिपके माश्यांच्या विष्ठेचे असतात. ते भिजवल्यावर निघतात. मेण लागले असेल तर कापड थंड करून मेण खरवडावे, गरम पाण्याने ते कापडात आणखी मुरते.

दुसरा प्रतिसाद

वरील सर्व मान्य आहे, मात्र तपकिरी डागांबाबत मला वेगळी शंका येते. राळ मेलिफेरा, म्हणजे युरोपीय जातीची माशी, भरपूर गोळा करते. सातेरी ती जवळजवळ वापरतच नाही. आपल्याकडे फक्त सातेरी असेल तर पाठीवर आणि कमरेला चिकट डाग पेटीतून कसे येतील? मला ते जीपचेच वाटतात. या जीपमध्ये पेट्रोलची टाकी सीटखाली असते. टाकीवरील पेट्रोलच्या काट्याच्या फ्लोटचे गॅस्केट (गळती रोखणारी चकती) कडक झाले, तर चढावर थोडे पेट्रोल झिरपते आणि उन्हात तापलेल्या कापडी छताखाली त्याचा वास सर्वत्र भरून राहतो. त्यात जुन्या गिअरबॉक्सच्या ऑइलचा उग्र वास मिसळला, की धुतलेला पोषाखही पेट्यांपर्यंत पोहोचेतो त्याच वासाने माखतो. सीटचे कव्हर पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा; फडके तपकिरी झाले तर उत्तर सापडले.

मिस्त्रींकडून गॅस्केट आणि पेट्रोलचे रबरी पाइप बदलून घ्या. पोषाख घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि तो पेट्यांपाशी पोहोचल्यावरच अंगावर चढवा. डाग काढण्यासाठी पेट्रोल मात्र वापरू नका. त्याचा वास राहतो आणि असे कापड यंत्रात घालणे धोक्याचे असते. डागावर भांडी घासण्याचा द्रवरूप साबण चोळून अर्धा तास ठेवावा आणि मग धुवावे. आणि एक कळकळीची विनंती: स्मोकर (माश्यांना शांत करायला धूर देणारे भांडे) पूर्ण विझल्याची खात्री केल्याशिवाय त्या टाकीजवळ ठेवू नका.

तिसरा प्रतिसाद

थोडे विषयांतर वाटेल, परंतु आपली जीप पन्नाशी ओलांडून गेली आहे म्हणून लिहितो. २०२१ च्या नियमांनुसार मूळ स्वरूपातील अशा वाहनाला व्हीए मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो आणि तो दहा वर्षे वैध असतो. तथापि त्या नोंदणीवर वाहन नियमित किंवा व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. पेट्यांच्या फेऱ्या करायच्या असतील तर दर पाच वर्षांनी होणारे साधे नूतनीकरणच आपल्याला सोयीचे आहे. कोणी हौसेपोटी आग्रह केला तरी घाई करू नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. फडके पुसले आणि ते तपकिरी निघाले. गॅस्केट बोटाने दाबताच तुटले, इतके ते वाळले होते. ते बदलून तीन आठवडे झाले. पोषाख आता डब्यात असतो, पावडर बिनवासाची आहे आणि जाळी दुहेरी दोऱ्याने शिवली आहे. काल चौदाही पेट्या पाहिल्या. सहाव्या पेटीपाशी दोन माश्या बुरख्यावर बसून उडून गेल्या, बाकी कोणी अंगावर आले नाही. कमरेचा एक डाग अजून फिकट दिसतो. त्याला पुन्हा एकदा साबण लावून ठेवला आहे.