क्रोध मंद झाला म्हणजे अनंतानुबंधी गेला का?

जिज्ञासू_श्रावक: जय जिनेंद्र. जैन कर्मशास्त्रातले चार कषाय (क्रोध, मान, माया, लोभ), प्रत्येकाचे अनंतानुबंधी ते संज्वलन असे चार प्रकार, म्हणजे सोळा; वर हास्य, भय वगैरे नऊ नोकषाय (सौम्य कषाय). पाठ सगळं आहे. पण रोजच्या व्यवहारात ओळखायचं कसं? एखादा माणूस कधी आवाजही चढवत नाही. त्याचा अनंतानुबंधी क्रोध गेला असं धरायचं का? आणि रोज करण्यासारखं नेमकं काय?

करणानुयोग: नाही, तसं धरता येत नाही. तीव्र-मंद ही एक गोष्ट आणि अनंतानुबंधी वगैरे प्रकार ही दुसरी. इथेच बहुतेकांची गल्लत होते. प्रकार ठरतो तो कषाय काय अडवतो यावरून. अनंतानुबंधी सम्यक्त्व (खरी तत्त्वश्रद्धा) अडवतो, अप्रत्याख्यानावरण श्रावकाची व्रतं, प्रत्याख्यानावरण मुनीची महाव्रतं आणि संज्वलन यथाख्यात चारित्र (पूर्ण कषायरहित आचरण). म्हणून मिथ्यादृष्टी द्रव्यलिंगी मुनी (बाहेरून मुनी, आत सम्यक्त्व नाही) कषाय अतिमंद करून नवव्या ग्रैवेयकापर्यंत (उंचावरच्या देवलोकापर्यंत) जातो, तरी अनंतानुबंधी जागेवरच असतो. उलट रणांगणावर उभा असलेला राजा चौथ्या गुणस्थानात (आत्मशुद्धीच्या चौदा पायऱ्यांपैकी चौथीवर, जिथे सम्यक्त्व असतं) असू शकतो. शांत चेहऱ्यावरून गुणस्थान मोजायला जाऊ नये, दुसऱ्याचं तर नाहीच.

पाक्षिक: वरचं बरोबर, पण साधकाला हाताशी काहीतरी माप लागतं. ते वासनाकाळात मिळतं. राग ओसरल्यावरही मनात अढी किती काळ राहते? गोम्मटसार कर्मकांड या दिगंबर ग्रंथात संज्वलनाचा काळ अंतर्मुहूर्त (४८ मिनिटांच्या आत), प्रत्याख्यानावरणाचा एक पक्ष, अप्रत्याख्यानावरणाचा सहा महिने आणि अनंतानुबंधीचा संख्यात, असंख्यात ते अनंत भव (जन्म) सांगितला आहे. श्वेतांबर परंपरेत हेच पंधरा दिवस, चार महिने, वर्ष आणि आयुष्यभर असं येतं. पाण्यावरची रेघ ते दगडावरची रेघ, हा दृष्टांत याच क्रमाचा.

रोजचं म्हणाल तर राग उठला की आधी तोंड बंद. मग कायोत्सर्ग (देहाची आसक्ती सोडून स्थिर राहणं): नऊ वेळा णमोकार मंत्र, एका णमोकाराला तीन श्वासोच्छ्वास, एकूण २७. घाईघाईत नऊ णमोकार एका दमात म्हटले तर तो फक्त उच्चार होतो, देहावरचं लक्ष सुटत नाही. संध्याकाळी प्रतिक्रमणात (दिवसभराच्या दोषांच्या उजळणीत) आलोचना, म्हणजे दोषांची कबुली, करताना वाक्य "मी क्रोध केला" इथेच थांबवायचं. "त्यानं तसं केलं म्हणून" जोडलं की आलोचनेची तक्रार झाली.

निःशल्य: क्रोध दिसतो तरी. मान व्रताच्याच पोटात वाढतो: उपवासांचा आकडा चारचौघांत सहज निघतो, पारण्याला कोण आलं नाही याची नोंद राहते. माया त्याहून अवघड. परिग्रह-परिमाण (मालमत्तेला मर्यादा घालण्याचं व्रत) घेताना मर्यादा आहे त्याच्या दुप्पट ठेवायची, किंवा भरली की जास्तीचं मुलाच्या नावावर करायचं. कागदावर व्रत शाबूत, आत लोभाला मायेची साथ. तत्त्वार्थसूत्र स्पष्ट सांगतं, 'निःशल्यो व्रती'. माया, मिथ्यात्व (खोटी श्रद्धा), निदान (व्रताच्या बदल्यात भोगाची इच्छा) ही तीन शल्यं, म्हणजे मनात रुतलेले काटे, असताना व्रती म्हणवता येत नाही. मर्यादा आजच्या गरजेच्या आत घ्या, क्षेत्र, वास्तू, सोनं, धान्य असं वेगवेगळं लिहून.

जिज्ञासू_श्रावक: मग दाबून ठेवलेला राग उपयोगाचाच नाही?

करणानुयोग: आहे ना. कषाय मंद तर कर्माची स्थितीही (टिकण्याचा काळ) कमी बांधली जाते, पापप्रकृतींचा रसही (फळाची तीव्रता) कमी पडतो. दाबणं पुरेसं नाही, एवढंच. उपशम श्रेणी (मोह दाबत वर जाण्याची वाट) चढलेला जीव अकराव्या गुणस्थानापर्यंत पोचतो, तिथे मोहाचा उदय अजिबात नसतो. पण सत्तेत (आतल्या साठ्यात) तो असतोच, आणि अंतर्मुहूर्त संपलं की खाली यावंच लागतं. क्षपक श्रेणीत (मोह मुळासकट संपवत जाण्याच्या वाटेवर) नवव्यात संज्वलन क्रोध, मान, माया क्षय पावतात, सूक्ष्म लोभ दहाव्याच्या शेवटी, आणि जीव अकरावं वगळून थेट बाराव्यात जातो. आपल्यापुरता प्रश्न मात्र चौथ्या गुणस्थानाचा आहे. तिथे नुसता संयम पुरत नाही, तत्त्वनिर्णय लागतो. सामायिकाइतकाच (समभावात बसण्याच्या साधनेइतकाच) वेळ स्वाध्यायाला द्या.