मामा तलावाच्या वर्षभर नोंदी ठेवायच्या आहेत, सुरुवात कशी करावी?

बोडीकाठ (अर्जुनी मोरगावकडून, जि. गोंदिया)

नमस्कार मंडळी. आमच्या गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव साधारण २२ एकरांचा आहे. म्हातारी माणसं सांगतात, आधी हिवाळ्यात बदकांमुळे पाणी दिसत नव्हतं. आता गाळ भरला, काठाने बेशरम नावाची झुडपं माजली आणि पक्षी कमी झाले. खरं असेलही. पण किती कमी झाले, कधीपासून, असं कुणी विचारलं तर दाखवायला कागद नाही. ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत पक्ष्यांची नुसती नावं आहेत, आकडे नाहीत.

आम्ही आठ जण आहोत. पंधरा दिवसांतून एक सकाळ देता येते. रोवणीच्या (धान लावणीच्या) दिवसांत मात्र दोघेच मोकळे असतील. दोन दुर्बिणी (८×४०), साधे मोबाईल आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या सोसायटीचा एक डोंगा (लहान होडी) एवढं सामान आहे. पाच वर्षांनी एखाद्या अभ्यासकाने वही उघडली तर ती त्याच्या कामी यावी, अशा नोंदी हव्या आहेत. काय मोजायचं, कसं मोजायचं? ट्रॅप कॅमेरा (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा) घ्यावा का? पाऊस लागायच्या आत सुरू करायचं आहे.

मापपट्टी

पक्ष्यांच्या आधी पाण्याची पातळी मोजायला लागा. तलावातलं बाकी सगळं तिच्यावर चालतं. पातळी माहीत नसेल तर पक्ष्यांच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

सांडव्याचा (तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर पडतं त्या भिंतीचा) माथा हा तुमचा पक्का बिंदू. तो सहसा दगडी किंवा सिमेंटचा असतो, हलत नाही. त्याला ३०० सेंमी म्हणा. म्हणजे पट्टीवर ३०० दिसलं की तलाव सांडव्याला लागला. पट्टीसाठी कुंपणाचे लोखंडी अँगल घ्या, त्यावर ऑइल पेंटने दर २ सेंमीला रेघ आणि दर १० ला आकडा. एका खांबाने भागत नाही, कारण पाणी मार्चपर्यंत त्याला सोडून आत सरकतं. तीन खांब लागतील: पाळीजवळचा (पाळ म्हणजे तलावाचा बांध) २०० ते ३२०, त्याच्या पुढचा १०० ते २२०, सर्वांत खोल भागातला ० ते १२०. दोन खांबांचे आकडे २० सेंमी एकमेकांवर यायला हवेत. त्या टप्प्यात दोन्ही खांब एकच आकडा दाखवतात की नाही, हे आपोआप तपासलं जातं.

खांब आताच, मे महिन्यात, तळ उघडा असताना रोवा. किमान ६० सेंमी जमिनीत जाऊ द्या आणि बुडाशी काँक्रीट घाला. आकडा जुळवायला गवंडी लेव्हल काढताना वापरतात ती पारदर्शक नळी चालते. नळीत बुडबुडा राहिला तर ५-१० सेंमीची चूक सहज होते, म्हणून पाणी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून आधी पाणी समान येतं का ते बघा.

बिघडतं काय, तर म्हशी खांबाला अंग घासतात आणि खांब कलतो. दुसरं म्हणजे तळाची चिकणमाती उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब सैल होतो. म्हणून दर मे महिन्यात सांडव्यापासून पुन्हा लेव्हल काढायची. आकडा बदलला असेल तर जुन्या नोंदी खोडू नका, ‘अमुक तारखेपासून खांब क्रमांक २ मध्ये ४ सेंमीचा फरक’ असं लिहून ठेवा.

वाचन आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात रोज. वारा असेल तर लाटेचा वरचा आणि खालचा आकडा बघून मधला घ्या. धानाला पाणी सोडलं, तर कधी सोडलं आणि कधी बंद केलं ते त्याच ओळीत लिहा. नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबरमधली उतरती पातळी कुणीतरी बाष्पीभवनाच्या खात्यात टाकेल.

पाऊस मोजायला १६ सेंमी तोंडाचं नरसाळं आणि ५ लिटरचा कॅन पुरे. १६ सेंमी व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंमी भरतं, म्हणून कॅनमधलं दर २० मिलि पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. बाटली घेऊ नका. २०० मिमी पडला तर ४ लिटर पाणी होतं आणि बाटली भरून वाहते. नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंमीवर, आडवी सपाट असावी. झाडापासून, भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा. वाचन रोज सकाळी ८.३० ला. हवामान खात्याचा दिवसही ८.३० ते ८.३० असाच धरतात, त्यामुळे तालुक्याच्या आकड्याशी तुमचा आकडा लावून बघता येईल.

गाळासाठी डोंगा कामी येईल. पाळीवरच्या एका खुणेपासून समोरच्या काठावरच्या खुणेपर्यंत दोर ताणा, दर १० मीटरला चिंधी बांधा आणि प्रत्येक चिंधीजवळ बांबू सोडून खोली घ्या. नुसता बांबू मऊ गाळात रुतत जातो, हात जितका दाबेल तितकी खोली वाढते. म्हणून टोकाला १५ सेंमीची लाकडी चकती ठोका आणि बांबू स्वतःच्या वजनाने टेकला की थांबा. त्या दिवशीच्या पट्टीच्या आकड्यातून खोली वजा केली की तळाची उंची मिळते. पट्टी २६०, खोली १४५, तर तळ ११५. हे दिवाळीच्या आसपास, वारा पडलेला असताना करा. दरवर्षी करायची गरज नाही, एका वर्षाचा गाळ मोजण्याच्या चुकीपेक्षा कमी असतो. यंदा एकदा आणि मग पाच वर्षांनी, त्याच दोन खुणांमधून.

पाणथळ

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आता पक्ष्यांचं.

काठावर चार जागा ठरवा, तिथे दगड रोवून क्रमांक रंगवा. सकाळी सूर्य पाठीमागे हवा, म्हणून जागा पूर्वेच्या काठाला निवडा आणि पश्चिमेकडे बघा. उलट केलं तर चकाकत्या पाण्यावर सगळी बदकं काळी दिसतात आणि वारकरी पक्षी कोणता, अडई बदक कोणतं, कळत नाही. प्रत्येक जागेचा पाण्याचा हिस्सा नकाशावर आखून घ्या. मधली हद्द म्हणून समोरच्या काठावरचं एखादं मोहाचं झाड किंवा विजेचा खांब धरा. त्या हद्दीपलीकडचा पक्षी मोजायचा नाही, तो पुढच्या जागेचा.

प्रत्येक जागी १५ मिनिटं. एक जण दुर्बिणीतून बोलतो, दुसरा लिहितो. मोजणाऱ्याने वहीकडे बघायचंच नाही. मोठा थवा असेल तर आधी १० पक्षी नीट मोजा, तेवढ्या जागेचा अंदाज डोळ्यात बसवा आणि मग तो ठसा थव्यावरून पुढे सरकवत न्या. २०० च्या वर असतील तर ५० चा ठसा घ्या. लगेच मोबाईलवर फोटो काढा आणि घरी ठिपके मारून मोजा. सुरुवातीला अंदाज हमखास कमी येतो, दोन-तीन महिन्यांत सुधारतो. थवा उडाला तर कोणत्या दिशेने गेला ते लिहा. पुढच्या जागेत जाऊन बसला असेल तर तिथे पुन्हा मोजायचा नाही.

अडई दिवसा कमळाच्या पानांत, गवतात दडून बसते आणि संध्याकाळी चरायला उडते. ती उठावी म्हणून दगड किंवा फटाका मुळीच नको. महिन्यातून एकदा सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून उडणाऱ्या अडया मोजा आणि ती नोंद वेगळ्या पानावर ठेवा. सकाळच्या आकड्यात मिसळू नका.

सगळ्यात जास्त वह्या बिघडतात त्या शून्यामुळे. बघितलं आणि दिसलं नाही, तर ० लिहा. बघितलंच नाही, तर रेघ मारा. रिकामी जागा सोडलीत तर पाच वर्षांनी तुम्हालाही सांगता येणार नाही की तलवार बदकं त्या जानेवारीत आली नव्हती की तुम्ही गेला नव्हता. रोवणीत दोघेच असाल तर दोनच जागा करा, पण ‘जागा १ आणि २ केल्या, ३ आणि ४ नाही’ असं लिहा.

आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीच्या मध्यावर होते, १९८७ पासून चालू आहे. तुमची एक सकाळ त्या आठवड्यात ठेवा, म्हणजे तुमचा तलाव बाकीच्यांशी ताडून बघता येईल.

तुमच्याकडे सारस असू शकतात, म्हणून हे आताच सांगते. सारस रात्री उथळ पाण्यात उभे राहून मुक्काम करतात. एक जोडी दोन-तीन तलाव आणि बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) फिरते, त्यामुळे शेजारच्या गावांनी एकाच सकाळी, एकाच वेळी मोजलं तरच दुप्पट मोजणी टळते. पावसाळ्यात बांधीत किंवा तलावात घरटं दिसलं तर अंतर ठेवा. पक्षी चरायचा थांबून मान ताठ करून तुमच्याकडे बघत राहिला, म्हणजे तुम्ही जास्त जवळ आलात, मागे फिरा. घरट्याची जागा ग्रुपवर टाकू नका. ज्याची बांधी आहे त्या शेतकऱ्याला आणि वनरक्षकाला सांगा, बस.

बोडीकाठ

मापपट्टी भाऊ, पाणथळ ताई, दोघांचेही खूप आभार. खांबांचं या आठवड्यात करतो. दोन शंका. एकाच थव्याचा आकडा एक जण १४० सांगतो, दुसरा १९०, तर कोणता लिहायचा? आणि पाणी उतरल्यावर पक्षी वाढल्यासारखे दिसतात, ते खरंच वाढतात का?

पाणथळ

दोन्ही आकडे लिहा, नावांच्या आद्याक्षरांसह. सरासरी काढून मूळ आकडे फेकू नका. तुमच्या मोजणीत किती चूक असते ते त्या फरकातूनच कळतं. वर्षातून दोनदा आठही जणांनी न बोलता एकच थवा मोजा आणि नंतर आकडे जुळवा.

दुसऱ्या शंकेत दोन गोष्टी एकत्र होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिखल उघडा पडतो, तेव्हा शेकाट्या, तुतवार, चिखल्या असे चिखलात चरणारे पक्षी खरोखरच जास्त उतरतात. आणि पाण्याचा पसारा आटल्यामुळे पांगलेली बदकं एका जागी येतात, ती वाढत नाहीत, दिसतात जास्त. म्हणून यंदाच्या जानेवारीची तुलना पुढच्या जानेवारीशी करताना आधी पट्टीचा आकडा बघा. २५० वर मोजलेले पक्षी आणि १५० वर मोजलेले पक्षी सरळ ताडता येत नाहीत. मासेमारीचं जाळं पडलेला दिवसही वेगळा, ते नोंदवा.

रानवाट_चंद्रपूर

ट्रॅप कॅमेऱ्याचं बोलतो. पहिल्या वर्षी घेऊ नका असंच सांगेन. घ्यायचाच झाला तर हे लक्षात ठेवा.

तो अंगाची आणि भोवतालची उष्णता यांतला फरक ओळखून चालतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ अंश झालं की जनावर आणि हवा सारखीच तापते आणि समोरून रानडुक्कर गेलं तरी कॅमेरा गप्प बसतो. उलट, तापलेलं गवत वाऱ्याने हललं की शेकडो रिकामे फोटो. म्हणून समोरचं ३-४ मीटरमधलं गवत कापा, कॅमेरा वाटेपासून तेवढ्याच अंतरावर, जमिनीपासून ४०-४५ सेंमीवर बांधा आणि तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवला तर उगवता-मावळता सूर्य भिंगात जातो. सेल बदलल्यावर काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळ तारखेवर परत जातं, त्यामुळे प्रत्येक वेळी पहिला फोटो पाटीवर तारीख-वेळ लिहून तिचाच काढा.

व्याघ्रगणनेत एका ठिकाणी समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात. तुम्हाला वाघ मोजायचा नाही, एक कॅमेरा पुरतो. वनजमिनीवर लावायला वन विभागाची परवानगी लागते. गावाच्या जमिनीवर लावलात तरी तोंड घाटाकडे, बायका धुणं धुतात तिकडे किंवा परसाकडेच्या वाटेकडे चुकूनही नको. याबाबत ग्रामसभेत आधी बोला.

कॅमेऱ्याऐवजी मागाची, म्हणजे पावलांच्या ठशांची पट्टी करा. पाण्याकडे येणाऱ्या वाटेवर ३ मीटर लांब, १ मीटर रुंद जागेत चाळलेली बारीक माती १ सेंमी पसरा, संध्याकाळी झाडूने सारखी करा, सकाळी बघा. कुत्र्याच्या आणि तडसाच्या मागात नखं उठतात, मांजरकुळाच्या मागात उठत नाहीत आणि टाचेच्या गादीला मागे तीन गोलाई दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवून अगदी वरून, सरळ फोटो घ्या. ओल्या चिखलातला माग पसरून मोठा होतो, तेव्हा मागाच्या आकारावरून जनावर किती मोठं, किंवा वेगवेगळी किती, हे ठरवू नका. वाघांची मोजणी मागांवरून करायची पद्धत याच कारणाने मागे पडली आणि २००६ पासून कॅमेरे आले. फक्त ‘आलं’ किंवा ‘नाही आलं’ लिहा.

वाघाचा वावर असलेल्या पट्ट्यात आहात. नीट उजाडल्याशिवाय काठावर जाऊ नका आणि एकटं तर कधीच नको.

मापपट्टी

बेशरमीचं राहिलं. पाळीवर दर १० मीटरला खूण करा आणि प्रत्येक टप्प्यात ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहा. ६०० मीटर पाळ म्हणजे ६० टप्पे. त्यांतल्या १८ मध्ये असेल तर ३० टक्के. मोबाईलच्या जीपीएसने कडेकडेने चालून क्षेत्र काढू नका, ५-१० मीटरची चूक पकडली तर लहान झुबक्याचं क्षेत्र काहीही येतं.

फोटोसाठी दोन खांब ठरवा. मोबाईल खांबाच्या माथ्यावर टेकवून, झूम न करता, दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी ९ वाजता. पहिल्या फोटोची छापील प्रत सोबत न्या आणि समोरचं झाड चौकटीत त्याच जागी आणा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि तारीख-जागेची माहिती गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मागच्या वर्षांचं बघायचं असेल तर सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. त्याचा एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे तुमचा तलाव जवळपास ८९० ठिपक्यांचा. पाण्याचा पसारा चांगला कळतो. बेशरम आणि काठचं धान मात्र दोन्ही हिरवंच दिसतं, तिथे तुमच्या १० मीटरच्या टप्प्यांवरूनच खात्री करावी लागेल. जुलै ते सप्टेंबर ढगांमुळे फारसं हाती लागत नाही.

बोडीकाठ

समजलं. वहीतली एक ओळ कशी दिसावी, तेवढं लिहून द्याल का? मुलांना तीच दाखवतो.

पाणथळ

अशी:

१६ जानेवारी / जागा २ / ७.१० ते ७.२५ / पट्टी २१४ / धुकं नाही, वारा मंद / जाळं नाही / मोजणारा सु., लिहिणारा रा. / अडई १४० (सु.), १९० (रा., नंतर मोजून) / वारकरी ६२ / हळदीकुंकू बदक ७ / तलवार बदक ० / कमळपक्षी ११ / सारस ० / ओळख न पटलेली बदकं ९, पश्चिमेकडे उडाली.

शेवटचा रकाना कायम ठेवा. ओळख पटली नाही तर तसंच लिहायचं, अंदाजाने नाव द्यायचं नाही. पेन्सिलीने लिहा, जेलपेन दवाने फुटतं. आणि घरी पोचल्यावर त्याच दिवशी पानाचा फोटो काढून दोन वेगळ्या मोबाईलमध्ये ठेवा.