एमबीएला शिकवताना पीपीटीपलीकडं काय वापरता?

तासिकावाला, सोलापूर

इथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर एमबीएला ऑपरेशन्स आणि रिसर्च मेथडॉलॉजी शिकवतो. पोरं मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून एसटीनं येतात. लॅपटॉप थोड्यांकडं, मोबाइल सगळ्यांकडं. कॉम्प्युटर लॅब परीक्षा फॉर्म भरायच्या दिवसांतच उघडते. नॅक (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) तपासणीला येणार म्हणून ‘आयसीटीचा, म्हणजे संगणक-इंटरनेटचा, वापर दाखवा’ असा निरोप आलाय. म्हणजे प्रोजेक्टर लावा, फोटो काढा. आकडेवारीच्या सॉफ्टवेअरचं, एसपीएसएसचं लायसन्स नाही, हार्वर्डच्या केस स्टडीला प्रत्येक प्रतीमागं डॉलर मोजावे लागतात, आणि टोयोटाचं उदाहरण सांगताना आता मलाच जांभई येते. फुकटातलं, पण वर्गात खरंच चाललेलं काही असेल तर सांगा की ओ.

ग्रंथपालबाई

सर, आधी स्वतःच्या लायब्ररीत जाऊन या. कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांसाठीची ऑनलाइन जर्नल-पुस्तकांची योजना) सभासद असेल तर प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र लॉगिन मिळतं, घरी बसून मोबाइलवर जर्नल उघडतं. आम्ही शिक्षकांकडं ईमेलची यादी मागतो, ती येतच नाही. वर्गणी भरलेली असते, वाचणारा कुणी नसतो. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे केंद्र सरकारनं जर्नलची एकत्र वर्गणी भरायची योजना, १ जानेवारी २०२५ ला सुरू झालं, पण ते सरकारी संस्थांसाठी. खासगी विनाअनुदानित कॉलेजनं त्याच्या भरवशावर बसू नये. शोधगंगा, म्हणजे पीएचडीच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा, मात्र सगळ्यांना खुली आहे. यंत्रमागावरचे प्रबंध काढा आणि पोरांना फक्त प्रश्नावलीचं परिशिष्ट वाचायला लावा. प्रश्न कसे विचारू नयेत तेही त्यात शिकायला मिळतं.

कांदेवाले मास्तर

मी बार्शीला शिकवतो. माझी सगळी सामग्री म्हणजे अ‍ॅगमार्कनेट (बाजार समित्यांचे दर देणारं सरकारी पोर्टल) आणि गूगल शीट्स. सोलापूर बाजार समितीतली कांद्याची रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर तिथं मिळतात. गटागटाला एकेक वर्ष वाटून देतो. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला उठली. या दोन तारखांच्या अलीकडचा-पलीकडचा आलेख मोबाइलवर काढायचा आणि दर कशानं हलला यावर भांडायचं. मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, म्हणजे सरकती सरासरी, काय असतं ते मग वेगळं शिकवावं लागत नाही. एसपीएसएसचं म्हणाल तर त्याच कामाचं जमोवी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एमबीएच्या प्रोजेक्टला पुरून उरतं.

पण खरी गंमत पट्टीत, म्हणजे आडत्यानं दिलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदात, आहे. एका पोरानं वडिलांची आडत्याकडची पट्टी आणली. पोर्टलवरचा दर आणि घरात आलेला पैसा यांच्यामध्ये हमाली, तोलाई, मोटारभाडं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापुरात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचा २ रुपयांचा चेक मिळाला होता, पेपरात गाजलं होतं. दर १ रुपया किलो, कपातीतच ५०९ रुपयांच्या वर गेले. ही बातमी फळ्यावर मांडली की स्थिर खर्च, बदलता खर्च, ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा) सगळं एका तासात होतं, आणि मागच्या बाकावरचेही बोलतात.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड एमआयडीसी

सर, पोरांना गूगल फॉर्म पाठवायला लावू नका, हात जोडतो. ‘आपण कामगारांबाबत समाधानी आहात का: पूर्णतः, अंशतः.’ आमचा मॅनेजर चहा पिता पिता दहा जणांचे भरून टाकतो, त्यावर तुमच्याकडं पदव्या मिळतात. त्यापेक्षा चार-चार जणांना कारखान्यावर पाठवा. माग का थांबला: धागा तुटला, कांडी संपली, बीम बदलला, लाइट गेली. मोबाइलवर वेळ लावून शीटमध्ये नोंदवायचं. मला तो कागद पैसे देऊन घ्यावासा वाटेल. आणि मार्केटिंगवाल्यांना वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवर ६३०२ हा टॉवेल-चादरींचा कोड टाकून कुठल्या देशाला किती माल जातो ते बघायला लावा. २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं तेव्हा टॉवेलवाल्यांना झोप का नव्हती ते पुस्तकाविना कळेल.

तासिकावाला

लायब्ररीत उद्याच जातो, आणि टॉवेलवाले भाऊ, तुम्हाला मेसेज टाकतोय. मास्तर, एक शंका: पट्टी आणा म्हटलं तर पोरं लाजणार नाहीत का? घरचा मामला असतो.

कांदेवाले मास्तर

लाजतात. म्हणून नाव आणि गाव झाकून फोटो मागवायचा, तोही फक्त तुमच्याकडं. सगळ्या पट्ट्यांचे आकडे तुम्हीच एका शीटमध्ये चढवून वर्गाला द्या. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांना हुंडेकऱ्याकडं भाडं विचारायला पाठवा, तो रकाना पट्टीवाल्यांना नीट भरता येत नाही.