मदत हवी आहे: वेशीवरच्या फलकावर गावाच्या स्थापनेचं साल काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात आम्ही सहा-सात जणांनी चतुर्थीनंतर इतिहास मंडळ काढलंय. नोंदणी अजून व्हायचीय. रविवारी देवळाच्या अग्रशाळेत (म्हणजे धर्मशाळेत) बसतो, चहा कुणाच्या तरी घरून येतो, एवढाच कारभार.

आता पंचायतीला वेशीवर फलक लावायचाय, आणि त्यावर स्थापनेचं साल नि संस्थापकाचं नाव हवंय. तेही एकच! गाडं इथंच अडलंय. आमच्याकडे सांगतात ते असं, की आधी सातेरी देवी, रोंयणीच्या (वारुळाच्या) रूपात. मग गावकरांचे, म्हणजे मूळ वसाहतदारांचे, पाच वांगड (कुळांचे गट) बसले. त्यातला पहिला कोणता, यावरून शिगम्याला मांडावर (गाव जमतं त्या जागी) अजून रुसवेफुगवे होतात. एकाचं नाव फलकावर गेलं तर बाकीचे चार आम्हाला अग्रशाळेची पायरी चढू देणार नाहीत.

एक सदस्य म्हणतात, १५२६ घाला, त्या साली पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशियाचा फोराल (सनद) निघाला. पण तो तिसवाडीच्या गावकारीबद्दल (गावकरांच्या सामाईक कारभाराबद्दल), आणि त्यात आधीपासून चालत आलेल्या रिवाजांचीच नोंद आहे. आपला भाग पोर्तुगीजांकडे गेला तो १७८१ च्या सुमारास, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. जवळच्या नार्व्याला सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी केला १६६८ मध्ये. म्हणजे १५२६ आमच्या गावाला कसं चिकटवायचं?

दुसरं, एका घरात माळ्यावर जुनं दप्तर सापडलंय. काही कागद मोडीत वाटतात, बाकीची लिपी कुणालाच लागत नाही. घरवाले लॅमिनेट करून देतो म्हणताहेत. करू द्यावं का?

प्रतिसाद १:
लॅमिनेशन मुळीच नको! आत गेलेला कागद परत सुटा होत नाही. सावलीत सपाट ठेवून फोटो काढा, पानांचा क्रम जसाच्या तसा राहू द्या. न लागणारी लिपी गोयकानडी असेल, गावकारीचे जुने हिशेब तिच्यात असत. दोन-चार पानांचे फोटो घेऊन पणजीच्या पुराभिलेख खात्यात जा. फलकावर 'स्थापना' शब्दच नको. 'पहिला लेखी उल्लेख' म्हणा, साल कागदात सापडेल ते. वांगड पाचही लिहा, अकारविल्हे.

मूळ लेखक:
अकारविल्हे लावलं तर नेमका भांडकुदळ वांगड पहिला येतो हो! पण चालेल. लॅमिनेशनवाल्याला आत्ताच फोन करतो.