मदत हवी आहे: मेडिकलच्या मुलांना पेशंटशी इंग्रजीत बोलायला कसं शिकवू?

केतकी_म
नमस्कार. मी इंग्रजी शिकवते. सोमवारपासून मेडिकलच्या मुलांचा एक गट माझ्याकडे येणार आहे. पेशंटशी इंग्रजीत बोलायची तयारी करून घ्यायची आहे. काल त्यांची ओळखपरीक्षा घेतली. व्याकरण बरं आहे, शब्द भरपूर आहेत, तरी संवाद होतच नाही. मी पेशंट झाले आणि म्हटलं, मला फार भीती वाटते; तर मुलगा 'डोन्ट वरी' म्हणून थेट गोळ्यांच्या डोसवर गेला. सगळ्यांचं कमीअधिक हेच. एखादं चांगलं पुस्तक किंवा तयार वाक्यांची यादी आहे का कुणाकडे? जरा लवकर सांगा.

रानवारा
कुठली परीक्षा? ओईटी (आरोग्यसेवेतल्या लोकांची इंग्रजीची), आयईएलटीएस (सर्वसाधारण इंग्रजीची) की प्लॅब (यूकेत डॉक्टरकी करण्यासाठीची)? मुलं पहिल्या वर्षाची की इंटर्न? पेशंट कुठले?

कृष्णाकाठ
मुळात इंग्रजी कशाला? सिव्हिलच्या ओपीडीत इंग्रजी बोलणारे पेशंट किती येतात? आपल्या सरकारी कॉलेजांत 15 टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या. बाहेरून आलेल्या त्या मुलांना 'पोटात कळ येते' आणि 'पोट जड वाटतं' यातला फरक कळत नाही, हिस्टरी चुकते. शिकवायचं तर मराठी शिकवा. मी हे आधीही दोन धाग्यांवर लिहिलंय.

केतकी_म
कृष्णाकाठ, मान्य, पण तो वेगळा प्रश्न आहे. रानवारा, इंटर्न आहेत, यूकेला जायचं म्हणतात. ओईटी असावी. बोलण्याचा भाग माझ्याकडे आहे.

अंधेरीकर
ओईटी कशाला? माझ्या भाचीने आयईएलटीएस दिली. जीएमसीला (यूकेत डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) एकूण 7.5 आणि प्रत्येक भागात किमान 7 लागतात. रोज बीबीसी ऐकायची आणि आरशासमोर बोलायची. उच्चार सुधारले की सगळं जमतं.

रानवारा
अंधेरीकर, आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये पेशंट नसतोच. केतकीताई, ओईटीत दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. त्याआधी कार्ड वाचायला तीन मिनिटं. जीएमसीला चारही भागांत किमान 350, म्हणजे बी ग्रेड लागते. वैद्यकीय ज्ञान तपासत नाहीत. भाषेचे चार निकष आहेत, आणि बाकीचे पाच पेशंटशी वागण्या-बोलण्याचे: नातं जुळवणं, त्याची बाजू समजून घेणं, बोलण्याला क्रम देणं, माहिती काढणं, माहिती देणं. तुमची मुलं या पाचांत अडकली आहेत. यादीने ते सुटणार नाही.

निवृत्त_सर्जन
स्पाइक्स नावाची पद्धत शिकवा. सहा पायऱ्या आहेत: जागा, पेशंटला काय माहीत आहे, किती ऐकायचं आहे, माहिती, भावना, पुढची दिशा. मी माझ्या रेसिडेंट्सना हेच शिकवलं, कुठेही चालतं.

डॉ_डोंगरवाट
सर, आदर ठेवून सांगते, ते वाईट बातमी सांगण्यासाठी आहे. खोकल्याच्या पेशंटला 'तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे' विचारलं तर तो घाबरेल.

केतकीताई, मी यॉर्कशायरमध्ये काम करते. ही मुलं अशी का बोलतात ते सांगते. आपली सगळी तयारी व्हायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची. समोर परीक्षक, वेळ कमी, माहीत आहे ते सगळं एका दमात सांगायचं. तीच सवय पेशंटसमोर बाहेर येते. पेशंट 'भीती वाटते' म्हणाला की मुलाला ते उत्तर द्यायचा प्रश्न वाटतो, म्हणून 'डोन्ट वरी'. तिथे त्याने गप्प बसून 'नक्की कशाची भीती वाटते?' एवढंच विचारायचं. त्याला काय वाटतं, काळजी कशाची आहे, आपल्याकडून काय हवं आहे, हे तिन्ही निघाल्याशिवाय उपचारावर जायचं नाही. आणि माहिती देताना दोन वाक्यं झाली की थांबून पेशंटला काय समजलं ते विचारायचं.

दुसरं, नातेवाईक. आपल्याकडे पेशंटचा मुलगा बाहेर गाठून सांगतो, 'आईला काही सांगू नका डॉक्टर', आणि आपण ऐकतो. इथे शुद्धीवर असलेल्या, समजून घेऊ शकणाऱ्या बाईचं निदान तिच्या परवानगीशिवाय मुलालाही सांगता येत नाही. आपले विद्यार्थी रोल-प्लेमध्ये नकळत पेशंटच्या मुलाशीच बोलू लागतात. हे भाषेआधी शिकवावं लागतं, आणि कुणी शिकवत नाही म्हणून मला वाईट वाटतं.

भाषेचं म्हणाल तर 'सिन्स टू डेज', 'लूज मोशन', 'गिडीनेस' असले आपल्याकडचे प्रयोग काढून टाका. इथे 'सर्जरी' म्हणजे जीपीचा (फॅमिली डॉक्टरचा) दवाखानाही, आणि लघवीच्या तक्रारीला म्हातारी माणसं 'वॉटरवर्क्स' म्हणतात. हे आठवडाभरात जमतं.

निवृत्त_सर्जन
वाईट बातमी सांगायची वेळ सगळ्यांवर येते. पाया तिथूनच पक्का होतो या मतावर मी ठाम आहे.

कृष्णाकाठ
डोंगरवाट, तुम्ही सांगता ते सगळं मराठीतही लागू आहे की! आपल्या कॉलेजांत हे 2019 च्या बॅचपासून एटकॉम (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद) म्हणून अभ्यासक्रमात आहे. कागदावर. म्हणूनच म्हणतो, आधी इथल्या माणसांशी बोलायला शिकवा.

डॉ_डोंगरवाट
ते मात्र शंभर टक्के पटलं. मराठीत जो पेशंटचं ऐकून घेतो, त्याला इंग्रजीत फक्त शब्द लागतात.

केतकी_म
मनापासून आभार. मग यादी बाजूला ठेवते. पण रोल-प्ले रोज कसे बनवू? मी डॉक्टर नाही.

रानवारा
नसलात तेच बरं. दोन कार्डं लिहा. मुलाच्या कार्डावर जागा, पेशंट आणि चार-पाच कामं. तुमच्या कार्डावर एक काळजी जास्तीची लिहा, जी मुलाला दिसत नाही. उदा. रक्तदाबाच्या गोळ्या बाईने स्वतःहून बंद केल्यात, कारण शेजारणीला त्यांनी चक्कर आली होती. त्याने नीट विचारलं तरच सांगा. परीक्षेतही पेशंट झालेल्या व्यक्तीचं कार्ड वेगळंच असतं. मुलं कामांची यादी वरून खाली वाचत सुटतात, ते यामुळे लगेच उघडं पडतं.

पैठणकर_२
माझा मुलगा बारावीला आहे. नीटनंतर यूकेतच एमबीबीएस करायचं असेल तर काय करावं?

रानवारा
नवा धागा काढा, इथे हरवेल.

केतकी_म
कार्ड लिहायला घेतलं. बाईऐवजी आजोबा केलेत, आणि ते मुलीला कळू देऊ नका म्हणतात. डोंगरवाटताई, यात विद्यार्थ्याने काय करणं अपेक्षित आहे? मुलगी शेजारीच बसलेली असेल तर?

डॉ_डोंगरवाट
मुलीला नम्रपणे थोडा वेळ बाहेर बसायला सांगायचं, आजोबांशी एकट्याशी बोलायचं. न सांगण्यामागचं कारण विचारायचं. मुलगी घरी गोळ्या देणार असेल तर तिला किती सांगायचं ते आजोबांनाच ठरवू द्यायचं. कार्ड झालं की इथे टाका, मी रात्रपाळीनंतर वाचते.