शब्दचर्चा: ‘रिॲलिटी शो’ला शोधनिबंधात काय म्हणावं?

सोनटक्का

नमस्कार मंडळी. ‘बिग बॉस मराठी’वर शोधनिबंध लिहितेय, मराठीतूनच. 2024 चं पाचवं पर्व चालू असताना घराघरांत लोक त्याबद्दल काय आणि कसं बोलत होते, एवढाच विषय. रात्रीची जेवणं झाल्यावर मी ओळखीच्यांच्या घरी जाऊन बसायचे, त्यांच्याबरोबर भाग बघायचे आणि वहीत टिपायचे. ते काम मजेत झालं. अडलं ते लिहिताना.

कच्चा मसुदा मार्गदर्शक बाईंकडून परत आला तेव्हा शीर्षकातल्या ‘वास्तवदर्शी कार्यक्रम’ या शब्दांभोवती लाल गोल होता आणि समासात दोनच शब्द: ‘कोण म्हणतं?’

दोन दिवस त्या प्रश्नावर घालवले. ‘वास्तव कार्यक्रम’, ‘वास्तवाधारित’, ‘सत्यदर्शन’ असं सगळं लिहून खोडलं. ‘सत्यदर्शन’ तर एखाद्या आश्रमाच्या मासिकाचं नाव वाटतं. तुम्ही काय लिहाल?

तळटीप

बाईंचा प्रश्न रास्त आहे. ‘वास्तवदर्शी’ हा शब्द मराठीत आधीच कामाला लागलेला आहे, आणि तोही समीक्षेत. ‘ग्रामीण जीवनाचं वास्तवदर्शी चित्रण’ हे आपण कादंबरीबद्दल म्हणतो, नाटकाबद्दल म्हणतो. म्हणजे जे मुळात रचलेलं आहे पण खऱ्यासारखं वाटतं, ते वास्तवदर्शी. शाबासकीचा शब्द आहे तो. रिॲलिटी शोचा दावा नेमका उलटा असतो: आम्ही काही रचलेलंच नाही, जे घडलं ते दाखवतोय. त्याला ‘वास्तवदर्शी’ म्हटलंत तर एकाच शब्दात तुम्ही त्याला काल्पनिकही ठरवता आणि वर शाबासकीही देता.

‘वास्तव कार्यक्रम’ तर त्याहून वाईट. निबंधात जे तपासायचं, ते शीर्षकातच मान्य करून टाकलं. इंग्रजी नावातही तोच दावा आहे, पण आपल्याकडे येईपर्यंत ‘रिॲलिटी शो’ हे नुसतं नाव झालंय. ‘रिॲलिटी शोमध्ये सगळं खोटं असतं’ हे वाक्य मराठीत कुणालाही खटकत नाही. ‘वास्तव कार्यक्रमात सगळं खोटं असतं’ म्हणून बघा, लगेच विनोद होतो. म्हणून माझं मत: देवनागरीत ‘रिॲलिटी शो’ लिहा आणि पहिल्याच परिच्छेदात तसं का लिहिलं ते सांगा.

जाता जाता: ‘वास्तव’ आणि ‘वास्तव्य’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘वस्’, म्हणजे राहणे, हा धातू सांगतात. त्या हिशेबाने शंभर दिवस एका घरात कोंडून घेणाऱ्या कार्यक्रमाला ‘वास्तव्य कार्यक्रम’ म्हणायला माझी हरकत नाही.

सोनटक्का

‘वास्तव्य कार्यक्रम’ बाईंना दाखवायची हिंमत नाही, पण वहीत लिहून ठेवलंय.

आता दुसरा घोळ. यात मी चांगलीच तोंडावर आपटले. चौथ्या प्रकरणाचं शीर्षक होतं ‘संकलनातील फेरफार’. म्हणायचं होतं की दिवसभराच्या चित्रीकरणातून तासाभराचा भाग कापताना भांडणाची सुरुवात गाळली जाते, उत्तर आधी दिसतं आणि डिवचणं नंतर. विभागातल्या एका सरांनी अनुक्रमणिका चाळली आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘मॅडम, माहिती गोळा करताना फेरफार केलाय आणि तो तुम्ही छापताय?’

विंगेतला

मेलो हसून! श्रेयनामावलीत ‘संकलन’ म्हटलं की एडिटिंग हे सिनेमावाल्यांना सांगावं लागत नाही. संशोधनवाल्यांचं ‘माहिती संकलन’ वेगळं. तुमच्या निबंधात दोन्ही आहेत, तेव्हा एकाला तरी हाकला. सिनेमाच्या अर्थाने ‘चित्रसंकलन’ लिहा आणि संशोधनाच्या अर्थाने सरळ ‘माहिती गोळा केली’ म्हणा. ‘संपादन’ नको, ते छापील मजकुराचं.

तसाच दुसरा खड्डा दाखवून ठेवतो, कारण तुम्ही त्यात पडणार. माणसाचं रोजचं वागणं नाटकासारखं बघणारा समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन वापरताय ना? रिॲलिटी शोवरच्या लिखाणात तो हमखास येतो.

सोनटक्का

वापरतेय. आणि पडलेही. गॉफमनच्या ‘बॅकस्टेज’ला, म्हणजे माणूस लोकांच्या नजरेआड मोकळा होतो त्या जागेला, मी ‘नेपथ्य’ लिहिलंय.

विंगेतला

तेच म्हणत होतो! संस्कृत नाटकात ‘नेपथ्ये’ अशी रंगसूचना आली की आवाज पडद्यामागून येतो, पात्र दिसत नाही. हिंदीत अजून ‘नेपथ्य में’ म्हणजे पडद्याआड. मराठी रंगभूमीवर मात्र त्या शब्दाने घर बदललं. आपल्याकडे नेपथ्य म्हणजे मंचावर उभं केलेलं घर, भिंती, जिना, तुळशीवृंदावन. नेपथ्यकाराला बक्षीस मिळतं ते प्रेक्षकाला जे दिसतं त्याबद्दल. म्हणजे ‘स्पर्धक नेपथ्यात खरे वागतात’ असं लिहिलंत तर मराठी वाचक समजणार की ते सोफ्यावर बसून खरे वागतात.

आम्ही ‘विंगेत’ म्हणतो. पण विंग म्हणजे एन्ट्रीच्या आधी उभं राहायची जागा, तिथे माणूस अर्धा भूमिकेत शिरलेला असतो. मोकळा होतो तो मेकअप रूममध्ये, चहा पिताना.

आजोळ

मी भाषेची नाही, पण कोकणातल्या घरात वाढलेय. गॉफमनचं पुस्तक 1959 चं, बरोबर? त्यात शेटलंड बेटावरच्या हॉटेलाचं उदाहरण आहे. स्वयंपाकघरात नोकरमंडळी एका तऱ्हेने वागतात आणि मधलं दार ढकलून जेवणघरात आली की चेहराच बदलतो. हे वाचल्यावर मला आठवली आमची ओसरी आणि माजघर.

पाहुणा ओसरीवर. तिथे आजोबा धोतर नीट करून बसणार, बोलणं मोजकं. माजघरात तेच आजोबा आजीला म्हणणार, ‘हा कधी टळतोय?’ दोघांच्या मध्ये एक उंबरठा. तुमच्या निबंधाला शब्द हवा असेल तर हा घ्या: बिग बॉसचं घर म्हणजे माजघर नसलेलं घर. जिथे जाल तिथे ओसरीच.

तळटीप

आजोळताई, हे वाक्य मी चोरणार आहे. आगाऊ क्षमस्व.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. कॅमेरा सगळीकडे असला तरी स्पर्धक आपलं माजघर तयार करतात. माइक हाताने झाकतात, पांघरुणात कुजबुजतात. मग आकाशातून आवाज येतो की माइक नीट लावा. प्रेक्षकाला सगळ्यात रस असतो तो याच झटापटीत.

म्हापसेकर

कन्फेशन रूमबद्दल, म्हणजे स्पर्धक एकटा जाऊन बिग बॉसशी बोलतो त्या खोलीबद्दल, कुणीच कसं बोललं नाही? 1999 मध्ये नेदरलँड्समध्ये पहिला ‘बिग ब्रदर’, म्हणजे बिग बॉसचा मूळ कार्यक्रम, आला, जॉन डी मोलच्या डोक्यातून. इंग्लंडमध्ये 2000 साली तो सुरू झाला तेव्हा त्या खोलीला ‘डायरी रूम’ म्हणत. रोजनिशीची खोली. आपल्याकडे तिची कन्फेशन रूम झाली. आमच्या गोव्यात कोंकणीत कन्फेशनला ‘कुमसार’ म्हणतात, शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. कुमसारात माणूस स्वतःचं पाप सांगतो. बिग बॉसच्या त्या खोलीत बसून सगळे दुसऱ्याची पापं सांगतात! मराठीत याला कबुली नाही म्हणत, चहाडी म्हणतात.

सोनटक्का

चहाडी की चुगली? की कागाळी? तिन्ही शब्द माझ्या टिपणांत आलेत आणि बोलणाऱ्या बायकांना त्यांतला फरक पक्का ठाऊक होता.

आजोळ

आमच्याकडचा फरक सांगते. कागाळी पोरं करतात, ‘आई, हा बघ मला मारतो’. ती उघड असते आणि करणाऱ्याला स्वतःला काहीतरी लागलेलं असतं. चहाडी मागून होते, वरच्याकडे होते आणि तिच्यातून काही मिळवायचं असतं. चुगलीत मिळवायचं काही नसलं तरी चालतं, तिची चवच पुरते. कोशात असं मिळणार नाही, पण सासरी नांदलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

तळटीप

पारिभाषिक कोशाच्या ‘तक्रार-वर्तन’ छापाच्या शब्दांपेक्षा हे शंभर पटींनी बरं. सोनटक्का, हे त्या बायकांच्या तोंडचं म्हणून जसंच्या तसं द्या. कार्यक्रम बघणाऱ्यांकडे स्वतःची वर्गवारी तयार आहे, हाच तुमचा शोध. तुम्ही तिच्यावर इंग्रजीतून आणलेले खण का बसवताय?

आणि कार्यक्रमाची स्वतःची भाषा घ्या ना. 2018 मध्ये मराठी पर्व सुरू झालं, सूत्रसंचालक म्हणून महेश मांजरेकर आले. शनिवार-रविवारी ते स्पर्धकांची झडती घेत, तिला पुढे ‘चावडी’ नाव पडलं. चावडी म्हणजे पाटील-तलाठ्याची बसायची जागा. गावाचा हिशेब तिथे, गावाची भांडणंही तिथेच. पाचव्या पर्वात रितेश देशमुख आले आणि चावडी जाऊन ‘भाऊचा धक्का’ आला. मुंबईकराच्या डोळ्यांसमोर माझगावचा बोटींचा धक्का येतो, भाऊ अजिंक्य यांच्या नावाचा. इथे मात्र भाऊ म्हणजे रितेश आणि धक्का म्हणजे स्पर्धकाला बसणारा. हा श्लेष दुसऱ्या भाषेत नेऊन दाखवा.

मूळ नाव काय, तर ‘बिग ब्रदर’. ऑर्वेलच्या 1949 च्या कादंबरीतला, सगळ्यांवर नजर ठेवणारा. हिंदीत 2006 साली कार्यक्रम आला तेव्हा त्याचा ‘बिग बॉस’ झाला, रोमन लिपीत ‘बिग’ला दोन ‘जी’ लावून. देवनागरीत तो जास्तीचा ‘जी’ गळून पडतो. मराठीला एवढ्या खटपटीची गरजच नव्हती. आपला ‘दादा’ थोरला भाऊही असतो आणि गल्लीतला दांडगाही. ऑर्वेलला दोन शब्द लागले, आपलं एकात भागतं.

विंगेतला

आणि ‘कार्य’! ‘कॅप्टन्सी कार्य’, ‘साप्ताहिक कार्य’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई म्हणाली, ‘कुणाचं रे कार्य?’ आमच्याकडे घरात कार्य म्हणजे लग्न नाहीतर मुंज. निबंधात ‘टास्क’च ठेवा, किंवा ‘कार्य’ अवतरणात.

‘नामांकन’ही टाळा, ते पुरस्काराचं. घराबाहेर काढण्यासाठी नाव घेणं म्हणजे ‘नॉमिनेशन’, कार्यक्रमात तसंच म्हणतात.

सोनटक्का

ठेवते. ‘सहभागी’ मीच काढला, कारण बिग बॉसच्या घरातलेही सहभागी आणि मी ज्यांच्याशी बोलले तेही. आता घरातल्यांना ‘स्पर्धक’, माझ्याशी बोललेल्यांना ‘प्रेक्षक’. कार्यक्रम त्यांना ‘सदस्य’ म्हणतो, त्यावर वेगळी टीप दिली आहे. सदस्य म्हटलं की घर हे कुटुंब होतं आणि स्पर्धा लपते.

शेवटची मोठी अडचण. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 1956 साली एक संकल्पना मांडली: पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाची जवळीक होते, प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटतो, त्याला मात्र प्रेक्षकाचा पत्ताही नसतो. मी याला ‘परासामाजिक आंतरक्रिया’ लिहिलं. बाईंनी लाल गोल केला नाही, पण शेजारी एक पेंगुळलेला चेहरा काढला.

प्रत्यक्ष पाहिलं ते असं. एका घरात पासष्टीच्या काकू भाजी निवडत बघत होत्या. स्पर्धक सूरज चव्हाण रडायला लागला तसं हातातली मेथी ताटात टाकून त्या टीव्हीला म्हणाल्या, ‘उठ रे बाळा, तोंड धू आधी.’ मग माझ्याकडे वळून, ‘आईबाप नाहीत हो त्याला.’ जणू शेजारचा मुलगा.

आजोळ

‘एकतर्फी ओळख’. एकतर्फी प्रेम चालतं तर ओळख का नाही?

तळटीप

छान आहे, पण ‘एकतर्फी’त थोडी कीव आहे. एकतर्फी प्रेमवाला बिचारा असतो, काकू बिचाऱ्या नाहीत. ‘एकतर्फी जिव्हाळा’ बघा. 2009 मध्ये ‘लिटल चॅम्प्स’च्या वेळी अख्खा महाराष्ट्र ‘आमची कार्तिकी’, ‘आमची आर्या’ म्हणत एसेमेस करत होता, तेव्हा कुणी स्वतःला बिचारं समजत नव्हतं. आदेश बांदेकर ‘होम मिनिस्टर’मध्ये 2004 पासून घराघरांत शिरले ते ‘भावोजी’ होऊनच. नातं आधी, ओळख मागाहून. मराठी टीव्हीने ही गोष्ट नात्याच्या शब्दांत केव्हाच सांगून टाकली आहे. पारिभाषिक शब्द एकदा द्या, पुढे सगळीकडे ‘जिव्हाळा’.

म्हापसेकर

आणि सूरजच्या तोंडी सारखा असलेला शब्द, ‘गुलिगत’? तो कसा लिहिणार?

सोनटक्का

तसाच, अवतरणात. अर्थ देणार नाही. चार घरांत विचारलं, चार अर्थ मिळाले आणि चौघांनाही आपलाच बरोबर वाटत होता. तो तक्ताच परिशिष्टात टाकलाय.

तर आता शीर्षक असं: ‘माजघर नसलेलं घर: रिॲलिटी शो आणि प्रेक्षकांच्या घरातली बोलणी’. आजोळताई, तुमच्या परवानगीने. सोमवारी बाईंकडे देते.

आजोळ

परवानगी दिली. पण ‘बोलणी’ बदला. बोलणी एक तर लग्नाची असतात, नाहीतर खायची. ‘घरातलं बोलणं’ करा.

सोनटक्का

केलं. नाहीतर सोमवारी मीच खाल्ली असती.