नोकरी सोडून समुद्रावर फॅमिली फोटो काढणारे कोणी आहात का? अनुभव लिहा

सुरुवात मी करतो. पुण्यात १४ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, मग नोकरी गेली आणि दापोलीजवळ कर्द्याला सासुरवाडीत येऊन राहिलो. कॅमेरा हौसेचा होता, मेहुण्याचं होमस्टे, तो म्हणाला येणाऱ्या फॅमिलींचे फोटो काढ की. पहिल्या सीझनला सगळ्यांचे चेहरे काळे, कारण आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळतो आणि प्रत्येकाला तोच मागे हवा असतो, उलटं फिरवलं तर सगळे डोळे मिचकावतात. आता ऊन बाजूने येईल असं बसवतो, सूर्य मागे ठेवून एकच फोटो, तोही सावलीसारखा येणार हे आधी सांगून.

पण खरं शिकवलं ते शेजारच्या कोळी आजोबांनी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती, म्हणजे संध्याकाळी उभं राहायला वाळूच उरत नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, संध्याकाळी ओहोटी, ओली वाळू आरशासारखी आणि सगळं आकाश पायाखाली! बुकिंग मी कॅलेंडरातली तिथी बघूनच घेतो.

---

अलिबागहून लिहितेय. बँकेत कॅशियर होते, ५२ व्या वर्षी व्हीआरएस घेतली. इथे ओहोटीला लोक चालत कुलाबा किल्ल्यात जातात, येताना पोरं दमून किरकिरी झालेली असतात, म्हणून फोटो जायच्या आधीच उरकायचे. मोबाईल असताना फोटोग्राफर कशाला असं सगळेच विचारतात. मी म्हणते, मागच्या ट्रिपचे फोटो दाखवा बरं. त्यात आई जवळजवळ नसतेच, कारण मोबाईल तिच्या हातात. मी पहिला फोटो तिचा काढते, पोरांबरोबर. खूप बायका तो बघून गप्प होतात.

---

तारकर्ली. आधी औषध कंपनीत एमआर. नवीन लोकांसाठी एवढंच, वाळूवर लेन्स बदलू नका, मी बदलली आणि सेन्सर साफ करायला कोल्हापूर गाठावं लागलं. एसी रूममधून कॅमेरा थेट बाहेर काढला तर काचेवर धुकं बसतं, अर्धा तास बॅगेतच राहू द्या. पावसाळ्यात धंदा बंद, लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा नाहीतर बुरशी धरते.

---

मी गुहागरला, आधी शाळेत चित्रकला शिकवायचे. गेल्या डिसेंबरात बीडकडची एक फॅमिली आली होती, आजींनी समुद्र पहिल्यांदाच बघितला. आधी सुरूच्या बनातच बसून राहिल्या, लुगडं भिजेल म्हणून. मी घाई केली नाही, नातवंडांचे काढत बसले. मग त्या आपणहून उठल्या, चपला काढल्या, पाण्याला हात लावून डोळ्यांना लावला. मला विचारलं, बाई, हे खरंच खारट असतंय का? म्हटलं बघा की चाखून. त्यांनी चाखलं आणि तोंड वाकडं करून जे हसल्या, तो फोटो त्या घराने मोठा करून मागितला, आणि एक जास्तीची प्रिंट, गावाकडच्या बहिणीला दाखवायला.